कच्च्या फळाचं गिऱ्हाईक

वाऱ्यानं झाडं मोडली नव्हती, पण मुळाशी हलवून तिरपी करून टाकली होती. धनुबाई सकाळी वावरात पोचली तेव्हा पपईच्या ओळींमधून पाय टाकायला जागा नव्हती. जिकडेतिकडे हिरवी फळं पडलेली. रंगावर आलेली थोडी फळं पडताच फुटली होती आणि त्यांच्यावर मुंग्या लागल्या होत्या. बाकीचा माल घट्ट, कच्चा. अंगावर पिवळी रेघ दिसल्याशिवाय व्यापारी फळाला हात लावत नाही.

कौसाबाई आधीच येऊन कामाला लागली होती. ती गावाच्या टोकाला राहायची, धनुबाईच्या वावरात नेहमीची मजूर. दोघी एकेक झाड खांद्यानं रेटून सरळ करत, बुडाशी माती ओढत, पायानं दाबत. मोडलेल्या देठांतून पांढरा चीक गळत होता. तो कोपरापर्यंत ओघळला आणि चरचरायला लागला.

"बाई, परवदिन ट्रक उना व्हता, तुम्ही माल नही दिधा का?" कौसाबाईनं विचारलं.

"कोठला ट्रक?"

"पपईनाच. सगळा गावनी रंगवरला माल काढी दिधा. वारं येवाव शे, आसं मोबाईलवर उनं व्हतं म्हने."

धनुबाईचा फावड्यावरचा हात थांबला. मग तिनं परत माती ओढायला सुरुवात केली. फुटलेल्या फळांकडे तिनं नंतर पाहिलंच नाही.

दुपारी ती हेमकांतच्या दुकानात गेली. हेमकांत तिचा पुतण्या, थोरल्या दिराचा मुलगा. गावातच, ब्राह्मणपुरीत, त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं आणि गावच्या शेतकऱ्यांचा मोबाईलवरचा ग्रुपही त्यानंच बनवलेला. दुकानात आणखी गिऱ्हाईक होतं. धनुबाई पायरीवरच उभी राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "भाऊ, ट्रक उना, वारं येवाव शे, माले कोनीच सांगं नही."

"ग्रुपवर टाकेल व्हतं, काकू."

"मन्हा फोनवर नही उनं."

हेमकांतनं मोबाईल चाळला. "तो काकाना नंबर व्हता ना. काका गयात, मंग मी काढी टाका."

"तोच फोन आते मन्हाजोडे शे."

"ते खरं शे. पन काकू, ग्रुपमा एक बी बाई नही. गडीमानसं कायबी टाकतस. तुमले चांगलं नही दिखाव." तो काउंटरवरची धूळ पुसायला लागला. "भाव इचारना ते माले फोन करत जा."

ती फोन करायची. तो उचलायचा नाही. तरी ती "हां" म्हणाली आणि पायरी उतरली.

तिचा नवरा चुनीलाल होता तेव्हा असं नव्हतं. संध्याकाळी हातपाय धुऊन तो स्टँडजवळच्या ओट्यावर जाऊन बसायचा. तासाभरानं परतला की ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगायचा. कोणाच्या मिरचीला काय भाव मिळाला, कोणता व्यापारी बुडवतो, शहाद्याला कोणती रोपं आलीत. धनुबाईला वाटायचं, नवरा गप्पा मारायला जातो. वावर तिच्या एकटीच्या अंगावर आलं तेव्हा तिला कळलं की अर्धी शेती त्या ओट्यावरच व्हायची. आता ती तिथून जाताना माणसं बोलता बोलता थांबत, एखादा पाय जवळ घेई, आणि ती पुढे गेली की मागे बोलणं पुन्हा सुरू होई. लेक काजल सुरतला दिलेली. रविवारी तिचा फोन येई, तोही नातवंडांच्या गोंगाटात.

रविवारी फोन वाजला तेव्हा तिला काजलच वाटली. पण प्रिस्किला होती.

"ताई, आज ईस्टर आहे. म्हणून फोन केला. तुम्ही बऱ्या आहात ना?"

प्रिस्किला नवापूरकडच्या डोंगरातली. घरी तिची बोली वेगळी, पण मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे धनुबाईशी ती पुस्तकातली मराठी बोलायची. दोघींची ओळख नंदुरबारच्या दवाखान्यातली. चुनीलालला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि शेजारच्या खाटेवर प्रिस्किलाचा नवरा दानियल, पाय मोडून पडलेला. रात्री व्हरांड्यात दोघी एकाच गोधडीवर पडायच्या. चुनीलाल गेला त्या सकाळी दीर-पुतणे गाडीच्या मागे लागले होते. धनुबाई अनवाणीच जिन्याकडे निघाली, तेव्हा प्रिस्किलानं खाली बसून तिच्या पायांत चपला घातल्या. त्यानंतर भेट नव्हती. ईस्टरला, नाताळला तिचा फोन यायचा, दिवाळीला हिचा जायचा.

"बरी शे," धनुबाई म्हणाली. मग एकाएकी तिला राहवलं नाही. वारं, पडलेली फळं, न आलेला निरोप, सगळं तिनं सांगून टाकलं. पलीकडे प्रिस्किला हूं हूं करत ऐकत होती.

"कच्ची पपई आहे का? अगदी हिरवी?"

"हिरवीगार. ढोरे बी खातंस नहीत."

"ताई, दानियल जिथं कामाला आहे ना, सीमेपलीकडे सोनगडजवळ, तिथं कच्चीच पपई लागते. कापतात, मिठात ठेवतात, मग साखरेत. ते लाल-हिरवे तुकडे असतात ना, केकमध्ये, पावात..."

"पानमा टाकतंस, त्या?"

"हो, तेच. ते पपईचेच असतात."

धनुबाई हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. काजलच्या लग्नात पानाच्या ताटात ते तुकडे पाहून तिनं विचारलं होतं, हे कशाचं फळ. कोणालाच सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भिलाचा टेम्पो सांगितला. भिला गावातलाच, भाजीपाला वाहायचा. सकाळभर दोघी-तिघी बायांनी फळं वेचली, चिखल पुसला, टेम्पोत उसाचं पाचट अंथरून थर लावले. चिकानं धनुबाईच्या बोटांची सालं निघाली. ती तशीच पुढे भिलाच्या शेजारी बसली. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल, नंदुरबार, मग विसरवाडीकडचा रस्ता. सागाची पानं झडून गेलेली. डोंगर नुसते वाळलेले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. आत सिमेंटचे हौद, त्यांत मिठाचं पाणी, आणि पाण्यात पांढरे चौकोनी तुकडे. रांगेनं बसलेल्या बाया फळं सोलत होत्या. त्यांची बोटं धुतल्या कपड्यासारखी पांढरी पडून सुरकुतली होती. दानियल गेटवर माल तपासून घ्यायचा. एक पाय ओढत तो टेम्पोजवळ आला, धनुबाईला पाहून डोक्यावरची टोपी काढली. मग वरची फळं बाजूला सारून त्यानं खालच्या थरात हात घातला.

"चांगला माल आहे, ताई. एक पण पिकलेलं नाही."

शेठ बाहेर आला. त्यानं फळाला नख लावलं, चीक पाहिला. "माल सारो छे, बेन. पण आटलामां शुं थाय? मने रोज आखी ट्रक जोईए."

"एवढ्यानं काही होणार नाही म्हणतात. रोज पूर्ण ट्रक पाहिजे," दानियलनं समजावलं. मग शेठकडे वळून म्हणाला, "आपणी ज बेन छे, शेठ. भरोसो राखो."

माल उतरवून, पैसे घेऊन परतताना धनुबाई सारखी मनात हिशेब करत होती. तिच्या एकटीच्या वावरातून रोज ट्रक कुठून निघणार? पण गावात घरोघर असाच माल पडून होता. आणि दुसरंही एक होतं, जे तिनं स्वतःशीही नीट बोलून पाहिलं नव्हतं. आज तिच्याजवळ सांगण्यासारखी बातमी होती.

टेम्पो स्टँडवर थांबला तेव्हा ऊन कललं होतं आणि ओट्यावर माणसं जमली होती. हेमकांतही होता. धनुबाई उतरली, पदर डोक्यावर ओढला आणि घराकडे न वळता ओट्यापाशी गेली.

"पडेल कच्ची पपई इकाई ऱ्हायनी," ती म्हणाली. "मी आते इकी उनू."

"कोठे?"

"सोनगड."

"एकलीच गयथी तू?" एक म्हातारा म्हणाला आणि सरकून बसला. ओट्यावर जागा झाली. कोणीतरी चहा सांगितला. धनुबाई कडेला टेकली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. हौद, मिठाचं पाणी, लाल-हिरवे तुकडे. माणसं ऐकत होती. मध्येच कोणी विचारत होतं आणि ती उत्तर देत होती. कपातला चहा निवून गेला.

"तठे वळख कोन शे तुमनी?" हेमकांतनं विचारलं.

"दानियल शे. गेटवर. त्यानी बायको मन्ही... वळखनी शे."

"त्याना नंबर द्या बरं. नुसता रस्ता इचारासाठे."

तिनं मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्यानं नंबर उतरवून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा ट्रक तिच्या वावरावरून गेला. ती बांधावर हात वर करून उभी होती. ट्रक थांबला नाही. मागून हेमकांतची मोटरसायकल आली.

"काकू, तुमना माल थोडा. मोठा गाडीले आठे थांबानं परवडत नही. तुम्ही भिलाना टेम्पोमा धाडत जा ना."

"मंग माले ग्रुपमा ते टाक."

"टाकस ना," तो म्हणाला आणि गेला.

ट्रक रोज जायचे. धनुबाई जमेल तसा टेम्पो भरायची. कौसाबाईच्या पोरीचं लग्न निघालं, ती यायची बंद झाली. मग धनुबाई एकटीच वेचायची, एकटीच पुसायची. पाठ धरली की झाडाच्या बुंध्याला टेकायची. गावात सगळ्यांच्या तोंडी सोनगड होतं. ते गावाला कोणी दाखवलं हे आठवड्याभरात कोणी बोलेनासं झालं.

मग एक दिवस भिला भरलेला टेम्पो घेऊन तसाच परत आला.

"लिधा नही," तो खाली उतरत म्हणाला. "गेट बंद. ब्राह्मणपुरीना माल घेवानाच नही, आसं सांगं शेठनी."

"काब्र?"

भिलानं गमछानं तोंड पुसलं. "काल हेमकांतभाऊनी गाडीमा वर कच्चा माल व्हता आन् पार खाले, हात पोचस नही तठे, पिकेल, सडेल. बाया सोलतच ऱ्हायन्यात, ध्यानमा उनं नही. आख्खा हौद नासाई गया. मोक्कार भांडन जयं. हेमकांतभाऊ म्हने, तुमना गेटवालानी पास करं, आमले काय इचारतस. शेठले वाटनं, दानियलनी पैसा खाधा. काढी टाकं त्याले."

धनुबाई टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. तिनं तिथूनच प्रिस्किलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दानियलचा लागलाच नाही. संध्याकाळी लावला, सकाळी लावला. प्रिस्किलानं उचलला नाही.

ती दुकानात गेली. या वेळी पायरीवर थांबली नाही. गिऱ्हाईक असतानाच बोलली. "हेमकांत, त्या गरीब मानूसना नाववर काब्र टाकं रे तू?"

"काकू, धंदामा आसं चालतंच. सगळा गावना थोडाथोडा माल शे तो. मी काय एकेक फय देखत बसू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् तो काय आपला भाऊबंद शे का?"

दुकानातली माणसं युरियाच्या गोण्यांकडे बघत राहिली.

धनुबाई पहाटेच्या बसनं निघाली. नंदुरबारला बस बदलली, नवापूरला उतरून जीपमध्ये कोंबून बसली. जीप सीमेकडच्या डोंगरात एका फाट्यावर तिला सोडून गेली. नावावरून विचारत विचारत ती गेली. प्रिस्किला अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा उरला होता. समोरची बाई तिला आठवणीपेक्षा बारीक आणि काळवंडलेली वाटली.

प्रिस्किलानं तिच्याकडे पाहिलं. उठली नाही. नंतर उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"दानियल कोठे शे?"

"सुरतला गेला. बिल्डिंगच्या कामावर. पाय तसा असून."

धनुबाईला वाटेत जुळवलेलं काहीच आठवेना. "मी नही करं ते, बाई."

"मला माहीत आहे, ताई. तुमचा माल चांगला होता. दानियलपण तेच म्हणाला." प्रिस्किला फुलं पसरत राहिली. "पण नंबर त्यांना कोणी दिला?"

"मी."

"माझ्या माणसाचा नंबर. मला एकदा विचारायचं होतं ना. फक्त एक फोन."

धनुबाई काय बोलणार होती? ओट्यावर जागा मिळाली, लोकांनी ऐकलं, चहा सांगितला, म्हणून? ती फुलांपाशी बसली आणि प्रिस्किलासारखीच काड्या-कचरा वेचून बाजूला टाकायला लागली. फुलांचा गोड वास डोक्यात चढत होता. ऊन झाडाच्या सावलीतून सरकत अंगावर आलं. दोघी वेचत राहिल्या. प्रिस्किलानं दुपारी भाकर आणि उडदाची डाळ वाढली.

हात धुतल्यावर धनुबाई म्हणाली, "माले कारखानामा ली चाल. माले त्यासनी बोली येत नही."

"आता काय होणार?"

"माले बोलनं शे."

शेठ आधी गेटवरच म्हणाला, माल नको. धनुबाई बोलत होती आणि प्रिस्किला तिचं गुजरातीत करत होती. खराब माल कोणाचा होता, दानियलनं एक पैसा घेतला नव्हता, आणि त्याच्या नावावर खोटं घालणारा माझा सख्खा पुतण्या आहे, हे सगळं धनुबाईनं त्या बायांसमोर, हमालांसमोर सांगितलं. सोलणाऱ्या बायांचे हात थांबले होते.

"आते माल मन्हा नावना," ती म्हणाली. "मन्हा बांधवर भरासू. एक फय खराब निंघनं ते गाडी मन्हा दारशी परत धाडा. पन गेटवर दानियल पाहिजे. तो नही ते मी बी नही."

शेठनं मागच्या रिकाम्या हौदांकडे पाहिलं. हंगाम चालू होता, माल कमी पडत होता. तो बराच वेळ कान खाजवत राहिला. "बोलावो एने," शेवटी म्हणाला.

प्रिस्किलानं तिथूनच फोन लावला. दानियलनं उचलला. मागे मिक्सर मशीनची घरघर ऐकू येत होती. ती त्यांच्या बोलीत बोलत होती, धनुबाईला कळत नव्हतं. पण प्रिस्किलाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. फोन बंद करून ती म्हणाली, "नाही येणार. म्हणतो, सगळ्यांसमोर चोर म्हटलं. त्या गेटवर मला उभं राहायचं नाही आता."

शेठ आत वळला. तेवढ्यात प्रिस्किलानं पदर खोचला आणि गुजरातीत काहीतरी म्हणाली. शेठ थांबला, तिच्याकडे वळून पाहत राहिला आणि त्यानं होकाराची मान डोलावली.

"काय सांगं तू?"

"म्हटलं, मी उभी राहते. लिहिता-वाचता येतं मला. पपई कच्ची का पिकलेली, ते पण कळतं."

जीपच्या फाट्यापर्यंत दोघी एका मागे एक चालत आल्या. जीप आली तेव्हा प्रिस्किला म्हणाली, "गाडी निघाली की कळवा." एवढंच.

मग काम लागलं. कारखाना आता फक्त तिच्या नावाचा माल घ्यायचा, म्हणून सगळ्या गावाचा माल धनुबाईच्या बांधावर यायचा. ती प्रत्येक क्रेट उपसून पाहायची, पिकलेलं फळ बाजूला काढायची. माणसं तोंड वाकडं करून ते उचलून न्यायची. हेमकांतचा माल ट्रॅक्टर-ट्रॉलीतून यायचा. तो स्वतः यायचा नाही, गड्याला पाठवायचा. एक दिवस मोबाईल टिंगटिंग वाजला. हेमकांतनं तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं. त्यात सकाळी फुलांची चित्रं यायची, देवांचे फोटो यायचे, पपईचा भाव यायचा. धनुबाई सगळं पाहायची. बांधावर माणसं भराभर माल उतरवून, नाव सांगून निघून जायची. ओट्यावर ती परत गेली नाही. आता तिथून जाताना कोणी ना कोणी म्हणायचं, "काकू, उद्या गाडी शे ना?" ती "शे" म्हणायची आणि पुढे जायची.

संध्याकाळी प्रिस्किलाचा फोन यायचा. "माल पोचला, ताई. दोन क्रेट दबलेले होते, बाकी चांगला." "बरं," असं धनुबाई म्हणायची आणि फोन बंद व्हायचा. दानियलचं विचारायला तिची जीभ रेटायची नाही.

वैशाख लागला. झाडांवरची कच्ची फळं संपत आली. त्या संध्याकाळी धनुबाई चुलीपुढे बसली होती. पीठ मळून झालं होतं, तवा तापत होता.

"माल पोचला," प्रिस्किला म्हणाली. "आज सगळा चांगला."

"बरं."

पलीकडून फोन बंद झाला नाही. धनुबाईनंही केला नाही. तिकडे कोणीतरी कोंबड्यांना हाकललं, एक भांडं आपटलं.

"काय करी ऱ्हायनीस?" धनुबाईनं विचारलं.

"काही नाही. भाकर करते."

"मी बी."

तिनं मोबाईल चुलीच्या कडेला, धग लागणार नाही असा, पाटावर ठेवला आणि गोळा थापायला घेतला. भाकर तव्यावर पडली. तिकडूनही थापण्याचा आवाज येत होता. फोन तसाच चालू होता.